खात्रीलायक बातमी

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दोन दिवस आधी पोलीस ठाण्यातून एक तरुण शिपाई आमच्या स्टुडिओत आला. पोरांच्या लाकडी बैलांच्या मिरवणुकीवर लक्ष ठेवायला त्यांना ड्रोन हवा होता. स्टुडिओ आता माझा पुतण्या चालवतो, ड्रोनही त्याचाच. तो लगेच बॅटऱ्या चार्जिंगला लावायला उठला. मी बसल्या जागेवरून शिपायाला चार गोष्टी विचारल्या. आदेश कुणाचा आहे आणि तो लेखी आहे का. ड्रोन मिरवणुकीच्या रस्त्यावरच राहील की लोकांच्या घरांवरूनही फिरेल. चित्रण कुणाच्या ताब्यात आणि किती दिवस राहील. आणि त्यात काही दिसून कुणावर कारवाई झाली, तर ‘हे ड्रोनमधून पाहिलं’ असं कागदावर लिहिलं जाईल का.

शिपाई हसला. “काका, तुमी तं वकिलावानी विचारून राह्यले.”

दुसऱ्या दिवशी तो सही-शिक्क्याचं पत्र घेऊन आला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यात होती, उरलेल्या दोहोंची नव्हती. पुतण्यानं माझ्याकडे न पाहता ड्रोन दिला.

मी वकील नाही. वाचून मला एवढंच कळलं आहे, की ड्रोनची नोंदणी कशी करावी, तो उडवणाऱ्यानं काय शिकलेलं असावं, कुठल्या आकाशात तो नेऊ नये, हे नियमांत बारकाईनं लिहिलेलं आहे. झडतीचं चित्रीकरण करावं, असंही कायदा आता सांगतो. माणसाचा खासगीपणा हा त्याचा मूलभूत हक्क आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं आहे. पण एखाद्याच्या अंगणात वरून पाहण्याआधी पोलिसानं कुणाला विचारावं, याचं सरळ उत्तर मला अजून कुठे सापडलेलं नाही. हा प्रश्न मला एका बाईनं पहिल्यांदा विचारला, तेव्हा आमच्या गावात ड्रोन हा शब्दही पोहोचलेला नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, रस्त्यावरचं, एसटीनं सावंगीला अर्ध्या-पाऊण तासात पोहोचावं एवढ्या अंतरावरचं. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. मीही त्याच गादीवर बसावं अशी त्यांची इच्छा होती आणि मी मात्र खांद्यावर घ्यायचा एक जाडजूड व्हिडिओ कॅमेरा घेऊन लग्नं टिपत हिंडत होतो. त्या काळच्या त्या कॅमेऱ्याचं वजन अजून माझ्या उजव्या खांद्याला आठवतं. कंबरेला बॅटरीचा पट्टा, पिशवीत कॅसेटी, आणि मांडवात शिरलो की बायका पदर सारखे करायच्या, पुरुष उगाचच एकमेकांशी गंभीर चेहऱ्यानं बोलू लागायचे. हळद, वरात, मुलीची पाठवणी. पाठवणीच्या वेळी मी मुलीच्या आईजवळ कॅमेरा नेत नसे. तेवढी समज मला होती, असं मला तेव्हा वाटायचं.

माझी एक खासियत होती. गावच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी होती. एका लग्नाच्या सकाळी मी कॅमेरा पाठीला बांधून वर चढलो आणि सगळं गाव टिपलं. शाळा, कापसाची जिनिंग, मारुतीचं देऊळ, कवेलूंची छपरं, परसात वाळत घातलेली लुगडी, नाल्याकडे जाणारी वाट. ती तीन मिनिटं मी लग्नाच्या कॅसेटच्या सुरुवातीला जोडली. वधूपित्यानं अंगणात टीव्ही ठेवून ती दाखवली, तेव्हा नवरा-नवरी बाजूलाच राहिले. लोकांनी ती तीन मिनिटं पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. आपलं घर वरून कसं दिसतं, हे त्या गावात कुणीच पाहिलेलं नव्हतं. म्हातारी माणसं टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून आपलं छप्पर शोधत होती. कुणाचं कवेलू फुटलंय, कुणाच्या परसात किती ढोरं आहेत, कुणाची शेवग्याची फांदी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली आहे, यावर थट्टा आणि थोडी भांडणंही झाली. त्या रात्रीइतकं कौतुक मला पुढे कधी वाट्याला आलं नाही. गावाला आपलं रूप दाखवणारा माणूस मी होतो. त्या आनंदात काही खोट नव्हती, हे आजही मला मान्य करावंसं वाटतं. तो आनंद खरा होता, म्हणूनच पुढचं इतकं सहज घडलं.

त्या रात्री त्या अंगणात आमच्या चौकीचे जमादारही होते. स्थूल, विनोदी, गावात सगळ्यांच्या सुखदुःखाला हजर असणारे गृहस्थ. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे मोहाच्या हातभट्ट्या शोधणं हे त्यांचं नित्याचं काम. जीप गावात शिरली की निरोप तिच्या आधी पोहोचायचा आणि भट्टीवाले पसार व्हायचे. दोन-चार दिवसांनी ते माझ्याकडे आले आणि टाकीवरून कॅमेरा फिरवून भट्टी दिसते का पाहा, म्हणाले. मी विचारलं, काही कागद वगैरे लागेल का? त्यांना हसू आलं.

“अरे, लगनाची शूटिंग करतं तशीच कर. फक्त नवरदेव कोन, थे मी सांगतो.”

मलाही हसू आलं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. सरकारी काम आपल्यावाचून अडलंय, ही भावना पंचविशीतल्या माणसाला फार मोठी वाटते.

मार्चअखेरचे दिवस होते. मोह गळण्याचा हंगाम. सकाळी मी टाकीवर चढलो. जमादार आणि दोन शिपाई खाली जीपजवळ थांबले. त्या कॅमेऱ्याला डोळा लावायची जी नळी होती, तिच्यात चित्र अंगठ्याच्या नखाएवढं आणि काळं-पांढरं दिसायचं. रंग कॅसेटवर उतरायचा, पण तो दिसायचा घरी टीव्हीवर लावल्यावर. तासभर मी परसामागून परस पाहत गेलो. न्हाणीघरांच्या पडद्यांवरून, चुलींवरून, बाजेवर झोपलेल्या माणसांवरून. काही सापडत नव्हतं आणि खालून जमादारांचा आवाज दर थोड्या वेळानं वर येत होता, “काऊन रे, झोपला का?”

मग नाल्याकडच्या शेवटच्या घराच्या अंगणात मला एक मोठा हंडा चुलीवर दिसला. त्याचं तोंड पोत्यानं बांधलेलं, कडेनं वाफ निघत होती. शेजारी जमिनीवर काहीतरी बारीक, गोलसर, दाट पसरून वाळत घातलेलं. मी ओरडून सांगितलं, नाल्याकडचं शेवटचं घर, मोह वाळत हाय, हंडा चुलीवर हाय.

ते घर मी ओळखलं होतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहायला हवं. त्या घरातल्या विधवा बाईला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. सावंगीला नव्यानंच उभ्या राहिलेल्या मोठ्या रुग्णालयात आणि महाविद्यालयात बाहेरगावची मुलं शिकायला आलेली होती. मावशी त्यांच्यासाठी पहाटे उठून डबे करायची आणि पहिल्या एसटीनं ते तिकडे जायचे. तिच्या हातची आंबाडीची भाजी-भाकर मीही खाल्ली होती. मी तिचं नाव घेतलं नाही, ‘शेवटचं घर’ म्हणालो. नाव न घेतल्यानं आपण काही केलंच नाही, अशी सोय मी त्या एका क्षणात करून घेतली.

मी शिडीवरून उतरून पोहोचेपर्यंत हंडा लाथेनं उलटा झालेला होता. अंगणभर पिवळं पाणी वाहत होतं आणि उकडलेल्या हळदीचा वास सगळ्या नाल्याकाठी पसरला होता. मावशीचं माहेर वायगावकडचं, हळदीच्या मुलखातलं. त्या वर्षी पहिल्यांदाच तिनं भावाकडून ओली हळद आणली होती, डब्यांच्या मसाल्यासाठी घरीच उकडून, वाळवून ठेवावी म्हणून. आमच्या गावात हळद कुणी उकडत नसे, त्यामुळे हंड्याचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात आलाच नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या वासानं कळलं असतं. टाकीवर वास येत नव्हता आणि नळीत पिवळा रंग दिसत नव्हता.

जमादारांना चूक कळली होती. पण भोवती लोक जमले होते आणि रिकाम्या हातानं परत जाणं त्यांना जमणार नव्हतं. शिपायांनी आसपास शोधलं. कुंपणापलीकडे, बऱ्याच अंतरावर, नाल्याच्या काठात कुणाचातरी मोहाचा सडवा, म्हणजे भट्टीसाठी कुजवत ठेवलेला मोह, मडक्यांत पुरलेला निघाला. तो नष्ट केला गेला आणि पंचनाम्यात मावशीच्या नावावर लिहिला गेला. पंचनामा पुढे मी वाचला. त्याची सुरुवात अशी होती, की गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून छापा घातला. टाकी, कॅमेरा, मी, यांतलं काहीही त्यात नव्हतं. तासभर साऱ्या गावाची परसं पाहिलेला कॅमेरा कागदावर एक बिननावाचा बातमीदार होऊन गेला होता. तो बातमीदार कोण, हे विचारण्याचा मार्गही मावशीच्या वकिलाला उरलेला नव्हता.

संध्याकाळी मी दार लावून ती कॅसेट टीव्हीवर लावली. अंगण सोनेरी पिवळं होतं. इतकं पिवळं, की आईनं आतून विचारलं, कुणाच्या हळदीची कॅसेट आहे. कुंपण स्पष्ट दिसत होतं, आणि नाल्याची ती जागा कुंपणाच्या किती पलीकडे आहे, तेही.

बातमी सावंगीला पोहोचायला आठवडा लागला नाही. डबेवालीच्या घरी भट्टी सापडली, एवढाच तिचा आकार उरला होता. आधी पाच-सहा जणांनी डबा बंद केला, मग सगळ्यांनी. पहाटेच्या एसटीचा कंडक्टर तिच्या थैल्यांसाठी दोन दिवस गाडी थांबवून पाहत होता, मग त्यानंही थांबवणं सोडलं.

मावशी एका दुपारी दुकानाच्या ओट्यावर आली. माझ्यासमोर बसली. टाकीवर मी होतो, हे तिला गावानं सांगितलेलं होतं. ती रागावली नव्हती. हळू आवाजात तिनं विचारलं, “माह्या अंगनात पाह्यलं, तं कोनाले विचारून पाह्यलं?”

मी जमादारांचं नाव पुढे केलं. ती म्हणाली, “त्यायनं कोनाले विचारलं?”

मग ती ज्यासाठी आली होती ते बोलली. “तुह्या टीव्हीत हयद पिवयीच दिसंल न, बापा? थे कॅसेट वकिलाले दे. माह्ये डबे चालू होतील.”

कॅसेट माझ्यापासून चार पावलांवर कपाटात होती. जमादार आदल्याच दिवशी येऊन गेले होते. त्यांनी धमकी दिली नव्हती, फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून, त्या कॅसेटवर एखादं चांगलंसं लग्न भरून टाक, असं सुचवलं होतं. मी मावशीला म्हणालो, कॅसेट पुसली गेली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली.

त्या वेळी ती पुसलेली नव्हती. मावशी गेल्यावर मी कपाट उघडलं. मी खोटं बोललो होतो आणि ते खोटं राहू नये, असं मला वाटलं. हे वाटणं किती विचित्र होतं, ते मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. त्याच आठवड्यात आर्वीकडचं एक लग्न होतं. मी त्याच कॅसेटवर ते टिपलं. त्या पिवळ्या अंगणावर परक्या माणसांची वरात चढली आणि माझं बोलणं खरं झालं.

खटला तालुक्याच्या कोर्टात चालला. चालला म्हणण्यापेक्षा रेंगाळला. तारीख असली की मावशी सकाळच्या गाडीनं जायची आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन यायची. डबे सुटल्यावर ती शेतात निंदायला, कापूस वेचायला जाऊ लागली. मी रस्त्यात दिसलो तर ती मान वळवत नसे, तब्येत विचारायची. मीच दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागलो. टाकीवर मात्र पुन्हा कधी चढलो नाही. लोक आग्रह करायचे, मी गुडघा दुखतो म्हणायचो. जमादार बदलून गेले, पुढे निवृत्त झाले. गावात केबल आली, मग सीडी आल्या, माझा तो जड कॅमेरा माळ्यावर गेला. नव्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे रंग तिथल्या तिथे दिसायचे. पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसताच आमच्या अंगणातल्या झेंडूकडे रोखून उभा होतो.

दोन हजार सालानंतर, कधीतरी, निकाल लागला. पंच फिरले होते, नाल्याची जागा तिच्या ताब्यात होती हे सिद्ध झालं नव्हतं. संशयाचा फायदा देऊन तिला निर्दोष सोडलं. मावशी पारावर बसून बायकांना सांगत होती, “संशय त्यायचा, फायदा मले म्हंते. कोनता फायदा, थे काई सांगत नाई.” बायका हसल्या. तीही हसली. मी त्या हसण्याजवळून मान खाली घालून गेलो.

त्यानंतर काही दिवसांनी मी तिच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. नळीतलं काळं-पांढरं चित्र, ‘शेवटचं घर’, जमादारांचं सुचवणं, कपाट, आणि तिच्या पाठीमागे पुसलेली कॅसेट. किती वर्षं मी ती वाक्यं मनात जुळवत होतो. बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं, हे मी लपवणार नाही. ती तूर पाखडत होती. सूप खाली न ठेवता तिनं ऐकून घेतलं.

“मले काऊन सांगतं?” ती म्हणाली. “मले तं मालूमच होतं का थे हयद होती. ज्यायले मालूम नाई त्यायले सांग.”

तिनं मला क्षमा केली नाही, की हाकललंही नाही. काम दिलं. मी एवढी वर्षं ज्याला पश्चात्ताप समजत होतो, तो फक्त तिच्यासमोर बसून मन मोकळं करण्यापुरता होता. तिचं नाव ज्यांच्या तोंडी बिघडलं होतं, त्यांचा मी विचारही केलेला नव्हता.

मी गावात सांगायला सुरुवात केली. चहाच्या हॉटेलात सांगितलं, तर लोक म्हणाले, जुनी गोष्ट आहे, सोडा. गावाला बहुतेक सगळं ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते सावंगीला. मी तिथे गेलो, पण ज्यांनी डबे बंद केले ती मुलं केव्हाच डॉक्टर होऊन देशभर पांगली होती. वसतिगृहाच्या फाटकाशी उभा राहून मी आत-बाहेर करणाऱ्या पोरापोरींकडे पाहिलं. त्यांच्यापैकी कुणालाही काही सांगण्यासारखं नव्हतं.

पुढे वडिलांना तिथेच दाखल करावं लागलं. त्यांना तपासणारे डॉक्टर चाळिशीच्या आतले, मूळचे बाहेरचे, शिकून तिथेच राहिलेले. गावाचं नाव ऐकून ते म्हणाले, तुमच्या गावच्या एक बाई आम्हाला डबा द्यायच्या, काय भाकरी असायची, पण पुढे त्यांच्या घरी दारूची भट्टी निघाली म्हणे. वडिलांच्या खाटेच्या कडेला उभं राहून मी त्यांना सांगितलं, की ती हळद होती. भट्टी आहे असं सांगणारा मी होतो. आणि हळद होती हे दाखवणारी कॅसेट मीच पुसली.

त्यांनी गळ्यातली तपासायची नळी काढून हातात घेतली.

“आम्ही त्यांचे रिकामे डबेसुद्धा परत पाठवले नव्हते,” ते म्हणाले. “कुणीतरी म्हणालं, असल्या बाईचे डबे कशाला पोहोचवायचे. आणि आम्ही ते खरं मानलं.”

वडील घरी आल्यावर मी मावशीकडे गेलो. ती आता थकली होती. डबे पुन्हा सुरू करणं तिच्या हातून होणार नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी तिला डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. ते कोणत्या वर्षीचे, कोणत्या चेहऱ्याचे, हे तिला आठवत होतं. त्यांना वांग्याची भाजी आवडत नसे, तेही.

“एक झाला,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “बाकीचे?”

बाकीचे कुठे आहेत, ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. त्या बाकीच्यांपैकी कुणी, कुठल्याशा शहरात, कुठल्याशा दवाखान्यात हे वाचत असेल, तर त्याच्यासाठी एवढंच लिहितो आहे. अंगणात मोह नव्हता, हळद होती, आणि डबा तुम्ही खात होता तसाच स्वच्छ होता.